दुसरा ब्रेक

या किल्ल्या घे, ओडवार.
लाल फितीची गाडीची, छोटी गॅरेजची,
तिसरी कशाची ते आता मलाही आठवत नाही,
असू दे जुडग्यात. एकतीस वर्षं आहे.

गाडी ठीक आहे. हीटर जरा कुरकुरतो.
उजव्या सीटपुढे वाकून बघ,
माझ्या टाचेनं मॅटला भोक पडलंय.
तिथे तो दुसरा ब्रेक. आजपासून तुझा.
त्याच्याबद्दलच बोलायचंय, बाकीचं पुस्तकात आहे.

पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू देऊ नकोस.
पोर हिरमुसेल. हिरमुसू दे.
काचा खरवडायला लाव, चारी बाजूंच्या.
समोर टपालपेटीच्या फटीएवढी जागा करून
निघणारे लाक्सेल्वमध्ये कमी नाहीत,
मीही त्यातलीच होते.
मग बॉनेटवर हात ठेवायला सांग आणि विचार,
हिचं वजन किती?
कुणाला सांगता येत नाही.
मारेत तेवढी म्हणाली, वीस रेनडिअर. ओले.
हिशोब बरोबर निघाला तिचा.

नोव्हेंबरात सूर्य रजेवर गेला
की फ्योर्डकाठच्या रस्त्यावर ने,
खांबांवरचे दिवे संपतात त्याच्याही पुढे.
तिथे त्याला खाली उतरव.
काळं जाकीट, काळी टोपी, सगळी पोरं काळंच घालतात.
म्हण, दोनशे पावलं चालत जा, मग वळून उभा राहा.
तू चालीच्या वेगानं गाडी आण,
आणि तो दिसला की तिथेच थांब.
टेप त्याच्या हातात दे. अंतर त्यानंच मोजावं.
मग मनगटाला चमकती पट्टी बांध
आणि पुन्हा तेच.
चालवायला बसण्याआधी
एकदा त्याला रस्त्याकडेचा माणूस होऊ दे.
परतताना गप्प असतात. रेडिओ लावू नकोस.

मग बर्फ. धक्क्यामागचं रिकामं पटांगण माग,
बंदरवाला कुरकुर करेल, कॉफी पाज त्याला.
घसरू दे पोरांना. आधी हसतात,
घसरगुंडीवर असल्यासारखी.
हसू थांबतं ना, धडा तिथून सुरू कर.

आता ते. तोर्स्टाइन.
तुझ्या बहिणीच्या वर्गातला, सुताराचा.
हात असा की गिअर बदलताना
पोटातलं पाणी हलायचं नाही.
चुका बारीक, अर्ध्या सेकंदाच्या,
आणि मी अर्धा सेकंद पाय टेकवायचे,
इतका अलगद की त्याला वाटावं
गाडीच शहाणी आहे.
किंवा तो.
मला वाटलं, कशाला उगाच पोराचा धीर खचवा.
पहिल्या झटक्यात पास झाला. आईनं केक आणला,
वर मुल्तेची पिवळी फळं. मी दोन तुकडे खाल्ले.

अठरा दिवसांनी शाळेच्या वळणावर
तो अर्धा सेकंद आला
आणि उजवी सीट रिकामी.

हान्सिना अजून काठी घेऊन चालते.
दुकानात भेटली की हात करते मला.
तोर्स्टाइन सायकलवर दिसतो, भर बर्फातही.
मला कुणी काही विचारलं नाही.
कागदावर माझी सही आहे,
‘परीक्षेसाठी तयार’ याच्या बरोबर खाली.

म्हणून सांगते, पाय टेकवलास की मोठ्यानं बोल.
‘मी दाबला.’ एवढंच, रागावू नकोस.
परीक्षा उद्यावर असो, पोर रडो,
बाप मागच्या सीटवर बसलेला असो.
दर वेळी बोल. वहीत लिही.
किती वेळा, कुठल्या वळणावर.
आणि शेवटच्या धड्याला बूट काढ,
सीटवर मांडी घालून बसता येतं का बघ.
तुझी छाती धडधडली तर
परीक्षेची तारीख मागू नकोस.
फी बुडेल, लोक म्हणतील ओडवार रेंगाळवतो.
गुन्वोर भराभर पास करायची, म्हणतील.
म्हणू दे.

चल, शेल आला न्यायला.
त्याच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही,
नुसती मॅट आहे.
तिलाही भोक पडत आलंय.

हीटरचं तेवढं बघून घे.